सीडीची नाजूक बाजू

सीडी प्लेअरमधून काढली आणि डबी हाताशी नसली, की बहुतेक जण ती चकचकीत बाजू वर करून टेबलावर ठेवतात. गाणे त्या बाजूला आहे, तेव्हा तिलाच जपले पाहिजे, असा त्यामागचा हिशेब. तो अर्धाच बरोबर आहे. लेझरचा किरण चकचकीत बाजूने आत शिरतो हे खरे, पण गाणे त्या बाजूला नाही. ते वरच्या, नाव आणि चित्र छापलेल्या बाजूला आहे, छपाईच्या अगदी लगत खाली. घरात बसून ऐकणाऱ्याला या गैरसमजाचा फारसा त्रास होत नाही. पण पुण्याहून बंगळूरला बदली झाली, मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने राहायला निघालो, किंवा नुसते गाडीने कोकणात जायचे म्हणून पंचवीस-तीस सीडी बरोबर घेतल्या, की सगळी बांधाबांध या समजुतीवर होते आणि जिथे जपायचे तिथे आपण जपत नाही.

सीडीची जाडी 1.2 मिलिमीटर. ती जवळजवळ सगळी पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची. कारखान्यात वितळलेले प्लॅस्टिक साच्यात सोडून तबकडी घडवतात तेव्हा तिच्या वरच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खळग्यांची एक लांबच लांब रांग उमटते. त्या खळग्यांवर अॅल्युमिनियमचा मुलामा चढतो, तोही मायक्रॉनच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहून पातळ. त्यावर पारदर्शक लॅकरचा काही मायक्रॉनचा लेप, आणि त्यावर थेट छपाई : रागाचे नाव, गायकाचा फोटो, कंपनीचे चिन्ह. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे खालून गाण्यापर्यंत पोचायला ओरखड्याला मिलिमीटरभराहून जास्त प्लॅस्टिक खोदावे लागते, वरून मात्र केसाच्या जाडीचा काही भागही पुरतो. किल्लीचे टोक, दुसऱ्या सीडीच्या कडेचा फटका, बॉलपेनने दाबून लिहिलेले नाव, एवढ्यानेही मुलामा उडू शकतो. तो उडाला की किरण परत फिरवायला तिथे काही उरत नाही.

घरातली एखादी बरीच वापरलेली सीडी ट्यूबलाइटसमोर आडवी धरून तिच्यातून पाहा. मुलामा इतका पातळ असतो की झगझगीत दिव्याचा अंधुक उजेड कधी कधी आरपार जाणवतो. त्यात सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसले तर घाबरायचे कारण नाही, काही ठिपके कारखान्यातून येतानाच असतात. पण एखादी लख्ख उजळ रेघ दिसली, तर ती छपाईच्या बाजूने पडलेला ओरखडा आहे, आणि त्या रेघेवरचे गाणे आता जगात दुसरीकडे असेल तरच आहे. आता तीच सीडी उलटी करून चकचकीत बाजू तिरकी धरा. बारीक केसासारख्या रेघांचे जाळे दिसेल, आणि तरीही सीडी सुरळीत वाजत असेल.

खालचे जाळे चालते आणि वरची एक रेघ चालत नाही, याचे कारण लेझरच्या नजरेत आहे. प्लेअरमधला किरण खालच्या पृष्ठभागावर पडतो तेव्हा त्याचा ठिपका सुमारे 0.8 मिलिमीटर रुंद असतो. प्लॅस्टिकमधून वर जाताना तो एकवटत जातो आणि खळग्यांपाशी पोचेपर्यंत दोन मायक्रॉनहूनही लहान होतो. खालच्या पृष्ठभागावरची बारीक रेघ त्या रुंद ठिपक्याचा थोडासाच भाग अडवते. चष्म्याच्या काचेवरचा धुळीचा कण जसा वाचताना नजरेत भरत नाही, तसेच हे. मुलाम्याची गोष्ट वेगळी. तिथे किरण नेमका एकवटलेला असतो आणि तिथली इजा त्याला पूर्ण दिसते.

याच कारणाने डीव्हीडी आणि सीडी यांना एकाच तराजूत तोलू नये. डीव्हीडीत 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहितीचा थर मधोमध असतो. त्यामुळे छपाईच्या बाजूचा हलका ओरखडा तिला बाधत नाही. ब्लू-रेचे उलटे : तिथे माहिती खालच्या बाजूला फक्त 0.1 मिलिमीटरवर आहे, म्हणून त्या बाजूला खास कडक लेप द्यावा लागतो.

सीडीची दुसरी ढाल गणिताची आहे. अर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन अमेरिकी गणितींनी 1960 मध्ये चुका शोधून दुरुस्त करणारी एक संकेतपद्धत मांडली. फिलिप्स आणि सोनी यांनी सीडीचे मानक ठरवताना तिचाच आधार घेतला. आवाजाचे दर सेकंदाला 44,100 नमुने घेतले जातात, पण ते ओळीने लिहीत नाहीत. शेजारचे नमुने मुद्दाम दूर दूर विखरून ठेवतात आणि सोबत ताळा पाहायचे जादा आकडे लिहितात. रांगेचा एखादा तुकडा वाचता आला नाही, तर विखुरलेल्या शेजाऱ्यांवरून हरवलेले आकडे जसेच्या तसे परत काढता येतात. ही दुरुस्ती रांगेवर सुमारे अडीच मिलिमीटर लांबीच्या सलग खंडापर्यंत निभावते. त्यापुढे प्लेअर आधीच्या आणि नंतरच्या नमुन्यांवरून मधला आवाज अंदाजाने भरतो. तंबोऱ्याच्या संथ नादात असा अंदाज खपून जातो, तबल्याच्या थापेच्या नेमक्या आरंभावर आला तर जाणकार कानाला खटकतो. खंड त्याहून लांबला की आवाज तुटतो, किंवा प्लेअर वाट चुकून त्याच त्या जागी अडकतो.

अडीच मिलिमीटरची ही मर्यादा कळली की ओरखड्याची दिशा किती महत्त्वाची ते लक्षात येते. खळग्यांची रांग आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिल वाटेने फिरते, आणि पूर्ण भरलेल्या सीडीवर ती पाच किलोमीटरहून लांब असते. मध्यापासून कडेपर्यंत सरळ ओढलेला चरा या वाटेला शेकडो-हजारो ठिकाणी आडवा छेदतो, पण प्रत्येक फेऱ्यात फक्त आपल्या रुंदीएवढाच भाग खातो. चरा 0.2 मिलिमीटर रुंद असेल तर प्रत्येक वेळी 0.2 मिलिमीटरच. दुरुस्तीला ते सहज झेपते. याउलट वाटेच्या दिशेने गोलाकार गेलेला सेंटिमीटरभराचा ओरखडा एका फेऱ्यातला सलग सेंटिमीटर खातो. वळणांमधले अंतर फक्त 1.6 मायक्रॉन असल्यामुळे 0.1 मिलिमीटर रुंदीचा असा ओरखडा शेजारच्या साठेक फेऱ्यांनाही सोबत घेतो. शिवाय किरणाला वाट दाखवणारी यंत्रणा त्या ओरखड्यालाच वाट समजून भरकटू शकते. डोळ्यांना दोन्ही ओरखडे सारखेच वाईट दिसतात. सीडी मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये, हा नियम इथूनच आला.

प्रवासात पडणारे ओरखडे बहुतेक गोलाकारच असतात, आणि माझ्या मते सांभाळून ठेवण्याच्या सगळ्या प्रकरणाचा गाभा हाच आहे. सीडीच्या नेहमीच्या कडक डबीत मधोमध छोट्या दात्यांचे एक चक्र असते. सीडीचे 15 मिलिमीटरचे भोक त्यावर घट्ट बसते आणि तबकडी डबीच्या तळापासून किंचित वर, अधांतरी राहते. तिचे दोन्ही पृष्ठभाग कशालाही टेकत नाहीत. ही रचना उत्तम आहे, पण दाते शाबूत आहेत तोवरच. डबी ज्या पॉलिस्टायरीनची असते ते कडक आणि ठिसूळ. घाईघाईत सीडी कडेला धरून उपटली की एक-दोन दाते मोडतात. मग सीडी चक्राभोवती सैल फिरू लागते, आणि मोडलेले दाते डबीतच तिच्याखाली लोळत राहतात. अशी डबी गाडीच्या डिकीत टाकून कुंभार्ली घाट उतरला, की प्रत्येक वळणावर आणि खड्ड्यावर सीडी थोडी थोडी फिरते आणि खालचा तुकडा तिच्यावर नेमके गोल ओरखडे काढतो. म्हणून बांधाबांध करण्यापूर्वी प्रत्येक डबी कानाशी धरून हलवून पाहावी. खुळखुळ ऐकू आली तर ती डबी प्रवासाला न्यायची नाही. आणि सीडी काढताना आधी बोटाने मधले चक्र दाबायचे, दाते आत झुकले की ती आपोआप सुटते. कडेने ओढायची गरजच पडत नाही.

चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या चेनवाल्या पाकिटांचा प्रश्न निराळा. त्यांच्या कप्प्यांची एक बाजू पारदर्शक प्लॅस्टिकची आणि दुसरी मऊ, कागदासारख्या न विणलेल्या कापडाची असते. ते कापड स्वतः ओरखडा काढत नाही. काढते ती त्यात अडकलेली धूळ. रस्त्यावरच्या धुळीत आणि समुद्राच्या वाळूत क्वार्ट्‌झचे कण असतात, काठिण्याच्या मोजपट्टीवर 7 अंकाचे, पोलादी चाकूच्या पात्याहूनही कठीण. पॉलिकार्बोनेट त्यांच्यापुढे अगदीच मऊ पडते. पाकीट बॅगेच्या तळाशी दाबून ठेवले, त्यावर पुस्तक किंवा लॅपटॉप ठेवला, की अडकलेला कण सीडीत रुततो, आणि मग सीडी कप्प्यातून ओढली की रेघ ठरलेली. पाकीट नवे असले तरी प्रवासापूर्वी प्रत्येक कप्पा उघडून झटकावा, व्हॅक्यूम क्लीनरची बारीक नळी असेल तर आतून फिरवावी. चकचकीत बाजू कापडाकडे ठेवावी. एका कप्प्यात दोन सीडी पाठीला पाठ लावून कोंबू नयेत, कारण तेव्हा दोघींच्या नाजूक बाजू एकमेकींवर घासतात. पाकीट घेताना प्लॅस्टिक पीव्हीसीचे नसून पॉलिप्रॉपिलीनचे आहे ना, एवढे पाहावे. उन्हात तापलेले पीव्हीसी सीडीला चिकटते आणि तेलकट डाग सोडते.

कोऱ्या सीडी ज्या उभ्या दांड्याच्या डब्यात येतात तो डबा अनेकांना प्रवासाला सोयीचा वाटतो. सीडीच्या खालच्या बाजूला मध्याजवळ एक बारीक उंच कडा असते, ती एकीवर एक ठेवलेल्या तबकड्यांना किंचित दूर ठेवते, आणि घरी कपाटात उभा असलेला डबा त्या कडेवर निर्धास्त राहतो. प्रवासात मात्र अर्धवट भरलेल्या डब्यातल्या सीडी दांड्याभोवती गरगरतात. अगदीच न्यायचा झाला तर उरलेल्या जागेत फोमची चकती घालून झाकणाने दाब पडेल असे करावे. मला स्वतःला तो मार्ग पसंत नाही.

परदेशी जाणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न वजनाचा. डबी आणि पुस्तिकेसकट एक सीडी सुमारे 100 ग्रॅम भरते, म्हणजे शंभर सीडींचे दहा किलो. नुसती तबकडी 15-16 ग्रॅमची. बहुतेक जण मग पुस्तिका घरी टाकून तबकड्या पाकिटात घालतात, आणि चार वर्षांनी साथीला कोण होते, बंदिश कोणाची, मैफल कुठली, काहीच सापडत नाही. त्यापेक्षा पॉलिप्रॉपिलीनच्या दुहेरी पिशव्या चांगल्या. त्यांत तबकडी एका कप्प्यात, पुस्तिका आणि मागचा छापील कागद दुसऱ्या कप्प्यात राहतो. डबीचे माप जगभर एकच आहे, त्यामुळे मोकळ्या डब्या पोचल्यावर विकत घेता येतात. अशा पिशव्या एखाद्या कडक प्लॅस्टिकच्या डब्यात पुस्तकांसारख्या उभ्या, हलणार नाहीत इतक्या दाटीने पण ओढून काढाव्या लागणार नाहीत इतक्या सैल भराव्यात. मोकळी जागा धुतलेल्या पंच्याने भरावी. डबा हातातल्या बॅगेत ठेवावा. विमानतळावरच्या क्ष-किरणांनी सीडीला काही होत नाही, चुंबकानेही नाही. सामानाच्या पट्ट्यावर बॅगा ज्या रीतीने आदळतात, तेवढीच काय ती भीती.

गाडीत सीडी ठेवायची सर्वांत वाईट जागा म्हणजे डॅशबोर्ड. बंद गाडी उन्हात उभी असली की तिथे हात ठेवता येणार नाही इतकी उष्णता होते. पॉलिकार्बोनेट तेवढ्याने वितळत नाही, पण डबी वाकते आणि घरी कोरलेल्या सीडीचे नुकसान होते. चालकासमोरच्या सनशेडला अडकवायची पाकिटे सोयीची खरी, पण तिथे ऊन आणि धूळ दोन्ही थेट येतात. गाडीच्या प्लेअरची जी फट सीडी आत ओढून घेते, तिच्या ओठांवर फेल्टच्या पट्ट्या असतात आणि त्यांत धूळ साठत राहते. दुर्मीळ सीडी त्या फटीत घालूच नये. आणि प्लेअर कुठलाही असो, आत सीडी ठेवून तो इकडून तिकडे नेऊ नये, फिरत असताना तर मुळीच नाही.

पावसाळ्यात एसी गाडीतून उतरून दमट खोलीत सीडी लगेच उघडली तर तिच्यावर बाष्प धरते. ते पुसण्याच्या नादात धूळ घासली जाते. अर्धा तास पाकीट न उघडता ठेवले की हा प्रश्नच येत नाही.

तबकडीच्या प्रवासाची काळजी सीडीहून खूप जुनी आहे. 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आले आणि नोव्हेंबरात त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तेव्हा इथे तबकड्या छापायचा कारखाना नव्हता. मेणाच्या मूळ मुद्रिका समुद्रमार्गे जर्मनीतल्या हॅनोव्हरला गेल्या आणि छापील तबकड्या पुढच्या वर्षी इकडे आल्या. मेण इतके मऊ की मूळ मुद्रिका वाजवून पाहणे म्हणजे ती खराब करणे, त्यामुळे गाणे नीट उतरले की नाही हे सातासमुद्रापलीकडे जाईपर्यंत कळायचे नाही. त्या तबकड्यांतले मिश्रण बांधून ठेवणारा घटक म्हणजे लाख, तीही आपल्याच जंगलांतून परदेशी जात असे. 1908 मध्ये कलकत्त्याला सियालदहमध्ये कारखाना निघाला तेव्हा तबकड्या इथेच छापल्या जाऊ लागल्या.

आजोबांच्या वेळच्या लाखेच्या तबकड्या किंवा एलपी ज्यांच्या घरी आहेत त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की तिथे गणिताची ढाल नाही. सुई खाचेला प्रत्यक्ष स्पर्श करते, प्रत्येक चरा ऐकू येतो, आणि 33⅓ फेऱ्यांच्या एलपीवर तो दर 1.8 सेकंदाला टक्‌ करून परत येतो. एलपी उभ्या न्याव्यात. तबकडी आतल्या पाकिटासह कव्हराबाहेर काढून कव्हरामागे ठेवावी, नाहीतर धक्क्याने तिची कड कव्हराची शिवण फाडते. लाखेची तबकडी ठिसूळ, पडली की तुकडे. ती स्पिरिटने किंवा अल्कोहोलने कधीही पुसू नये, कारण अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. सीडी साफ करायला चालणारे द्रव तिच्या जिवावर उठते.

सर्वांत जास्त जपायच्या त्या मात्र घरी कोरलेल्या सीडी. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठी घरांत अशा किती तयार झाल्या असतील! खाजगी मैफलीची कॅसेट, गुरूने शिकवणी घेतानाचा आवाज, आजीने म्हटलेल्या ओव्या, आकाशवाणीवरून टिपलेले गाणे, सारे कॅसेट खराब होईल म्हणून सीडीवर उतरवले गेले. या सीडीत खळगे नसतात. सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेझरने त्यावर खुणा केलेल्या असतात. ऊन आणि उष्णता तो रंग हळूहळू बिघडवतात, आणि छपाईच्या बाजूची नाजूकता तर आहेच. बॉलपेन, चिकटपट्टी, चिकटवायचे गोल लेबल, तिन्ही टाळावे. लेबल सोलले तर मुलामाही सोबत निघतो. नाव लिहायचे तर मऊ टोकाच्या, पाण्यावर आधारित शाईच्या पेनने, आणि शक्यतो भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर, जिथे काही कोरलेले नसते. विकत घेतलेली सीडी गेली तर दुसरी मिळायची शक्यता असते, जरी 2016 मध्ये मुंबईतले काळा घोड्यावरचे ऱ्हिदम हाऊस हे सीडींचे दुकान बंद झाल्यापासून ती शोधाशोध अवघड झाली आहे. खाजगी मैफलीची दुसरी प्रत कुठल्याच दुकानात नसते. म्हणून अशी मूळ सीडी प्रवासाला न्यायचीच नाही. संगणकावर तिची फ्लॅक (FLAC, म्हणजे आवाजातले काहीही न गमावणारी) फाइल करावी, ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी, आणि ऐकण्यासाठी नवी प्रत कोरून ती बरोबर घ्यावी.

एवढे करूनही ओरखडा पडलाच, तर आधी तो कुठल्या बाजूला आहे ते पाहायचे. चकचकीत बाजूला असेल तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून सीडी हलक्या हाताने धुवावी, मायक्रोफायबरच्या कापडाने मध्यापासून कडेकडे टिपावी, शर्टाच्या टोकाने किंवा पदराने नाही. तरीही अडकत असेल तर संगणकाच्या ड्राइव्हवर कमी वेगाने वाचून पाहावी. घरच्या प्लेअरला न जमणारे ड्राइव्ह पुष्कळदा वाचते, कारण ते एकाच जागेचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. उथळ चरा पॉलिशने भरतो किंवा घासून सपाट होतो, पण तेही सरळ रेषेत आणि गाण्याची प्रत घेऊन झाल्यावरच. ओरखडा छपाईच्या बाजूचा असेल आणि ट्यूबलाइटसमोर उजळ रेघ दिसत असेल, तर पॉलिश, मेण, टूथपेस्ट यांतले काही त्यावर चालत नाही. मुलामा फाटलेल्या जागी तो पुढे आणखी सुटू शकतो, म्हणून वाचता येईल तेवढे गाणे त्याच दिवशी उतरवून घ्यावे.